इन्स्टंट पॉटमधला रोजचा स्वयंपाक: परत परत येणारे सगळे प्रश्न, एकाच ठिकाणी

दर वर्षी अमेरिकेत नोव्हेंबरअखेरचा ब्लॅक फ्रायडेचा सेल झाला की पुढचे दोन महिने इन्स्टंट पॉटबद्दल, म्हणजे विजेवर चालणाऱ्या प्रेशर कुकरबद्दल, तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. खालच्या सगळ्या वेळा ६ क्वार्टच्या पॉटसाठी आणि हाय प्रेशरच्या आहेत, वेगळं असेल तिथे सांगितलंय. "वाटी" म्हणजे कुठलीही एक वाटी धरा, पण तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने मोजा.

१. घरात चांगला प्रेशर कुकर आहे, मग हे कशाला घ्यायचं? लवकर होतं का?

नाही, लवकर होत नाही. हे आधीच सांगते म्हणजे नंतर शिव्या नकोत. गॅसवरचा कुकर साधारण १५ पौंड प्रेशरला चालतो, हा १० ते साडेअकराच्या मधे, म्हणजे आतलं तापमान पण थोडं कमीच असतं. त्यात प्रेशर यायला भांडं किती भरलंय त्यावर दहा-पंधरा मिनिटं जातात आणि स्क्रीनवरची मिनिटं त्यानंतर सुरू होतात, त्यामुळे "५ मिनिटांत भात" असं जे म्हणतात ते खरं तर अर्ध्या तासाचं काम आहे. फायदा एकच पण मोठा: समोर उभं राहावं लागत नाही. शिट्या मोजायच्या नाहीत, गॅस बारीक करायला पळायचं नाही, मीटिंगमधे असलात तरी डाळ करपत नाही. हे नको असेल आणि कुकरवर हात बसलेला असेल तर पैसे वाचवा, खरंच.

२. कुठला साईज घेऊ?

चार माणसांना ६ क्वार्ट, म्हणजे पावणेसहा लिटरच्या आसपास. ३ क्वार्ट दोघांना पुरतो पण त्यात भात आणि वरण एकावर एक बसवायचं म्हणजे कसरत. ८ क्वार्ट पाहुणे खूप येत असतील तरच, कारण प्रेशर यायला वेळ जास्त लागतो आणि कमीत कमी पाणीही जास्त लागतं: ३ ला एक कप, ६ ला दीड कप, ८ ला दोन कप. हे लक्षात ठेवा, पुढे दोनतीनदा लागणार आहे.

३. अमेरिकेतला पॉट आईसाठी पुण्याला नेऊ का? फक्त प्लग बदलला की झालं ना?

नाही झालं. तिकडचा पॉट १२० व्होल्टचा, आपल्याकडे घरात २३० येतात. पिनचा अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, लावल्या लावल्या पॉट जाईल. १००० वॉटला पुरेल असा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो पण तो जड धूड ओट्यावर कोण ठेवणार? आईला भारतातच घेऊन द्या. उलट दिशेलाही हेच, भारतातला अमेरिकेत आणू नका.

४. माझ्या सगळ्या रेसिप्या शिट्यांत आहेत. एक शिटी म्हणजे किती मिनिटं?

असा हिशोब लागत नाही हो. शिटी कधी होणार ते गॅस किती मोठा, कुकर किती भरलेला, शिटीचं वजन किती यावर असतं, एकाच घरात सासूबाईंच्या तीन शिट्या आणि सुनेच्या तीन शिट्या वेगळ्या. शिट्या विसरा आणि पदार्थाची वेळ पाठ करा. तूरडाळ न भिजवता १० मिनिटं, अर्धा तास भिजवून ८, मूगडाळ ५ ते ६, मुगाची खिचडी ८, मध्यम बटाटे अख्खे (जाळीवर, खाली दीड कप पाणी) १० ते १२, अंडी ५ आणि मग लगेच गार पाण्यात. कडधान्यांचं प्रश्न १० मधे, मटण-चिकनचं १४ मधे.

५. वरण आणि भात एकदम कसा लावायचा? माझा भात कच्चा राहतो नाहीतर डाळीत पाणी जातं.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. आतल्या भांड्यात थेट डाळ, एक वाटीला तीन वाट्या पाणी, हळद, हिंग, चमचाभर तेल. तेल घातलं की फेस कमी येतो. त्यावर उंच पायांचा स्टँड, पॉटबरोबर जी बुटकी जाळी येते ती डाळीत बुडते म्हणून तिचा इथे उपयोग नाही, उंच वेगळा मागवा. स्टँडवर स्टीलच्या डब्यात धुतलेला तांदूळ, आंबेमोहर किंवा इंद्रायणीला दुप्पट पाणी, कोलमला पावणेदोनपट, बासमतीला दीडपट. डबा साडेसात इंचांपर्यंत रुंद चालतो, त्याहून मोठा कडेला अडकतो आणि काढताना हात भाजतो.

आता वेळ. इथे दोन गोष्टी एका वेळेत बसवायच्यात म्हणून डाळ अर्धा तास भिजवून घ्या, मग ८ मिनिटांत डाळही होते आणि भातही. न भिजवता १० लावलीत तर डाळ होईल पण भात गिचका. वेळ संपली की १० मिनिटं हात लावू नका, मग उरलेली वाफ सोडा. डब्यावर ताटली ठेवली तर झाकणाचं पाणी भातात पडत नाही, पण भात थोडा सावकाश शिजतो, म्हणून तेव्हा एक मिनिट वाढवा. भात कच्चा राहतो त्यांचं बहुतेक हेच होतं: डब्याला घट्ट झाकण किंवा डबा जाड.

डाळीचं स्वतःचं पाणी दीड कपाच्या वर असतं त्यामुळे खाली वेगळं पाणी घालायचं नाही. फक्त डाळ अर्ध्या भांड्याच्या वर जाऊ देऊ नका, डाळी फेसाळतात आणि फेस झाकणावरच्या वाफेच्या व्हॉल्व्हमधे गेला की ओट्यावर पिवळी रांगोळी. एवढं झालं की रवीने घुसळा, मीठ, गूळ, आणि वरण तयार.

६. हा भात मऊ होतो. पुलाव आणि मसालेभात मोकळा कसा करायचा?

डब्यात नाही, थेट भांड्यात करा आणि पाणी समसमान, वाटीला वाटी. गॅसवर दुप्पट लागतं कारण वाफ उडून जाते, इथे वाफ बाहेर जातच नाही. बासमती धुऊन, न भिजवता, ५ मिनिटं, मग १० मिनिटं तसाच मुरू द्यायचा. भिजवलेला असेल तर नीट निथळून ४ मिनिटं आणि पाणी पाव वाटी कमी. कमीत कमी पाण्याचा नियम (प्रश्न २) पाळायचा तर दीड कपाच्या खाली तांदूळ थेट भांड्यात करण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा डबा बरा.

मसालेभाताला तोंडली, मटार घाला पण भाज्यांना पाणी सुटतं म्हणून पाणी हात राखून. काजू, खोबरं, कोथिंबीर नंतर. आणि ते राइसचं बटण असतं ना, ते बऱ्याच मॉडेलांत लो प्रेशरवर चालतं. मी ते वापरत नाही, सरळ प्रेशर कुक आणि मिनिटं.

७. सारखं "बर्न" येतं! पॉट बिघडलाय का?

बहुतेक वेळा नाही. बुडाला सेन्सर असतो, तिथे काही चिकटून तापमान फार वर गेलं की तो घाबरून थांबतो. कांदा परतताना बुडाला जो तपकिरी थर बसतो तोच निम्म्या वेळा गुन्हेगार. त्यामुळे परतून झालं की आधी अर्धी वाटी पाणी घाला आणि लाकडी उलथन्याने बूड खरवडून साफ करा, अगदी गुळगुळीत लागेपर्यंत, मग बाकीचं.

दुसरं कारण घट्ट रस्सा. टोमॅटो प्युरी, वाटण, दाण्याचं कूट, बेसन हे खाली बसतं. टोमॅटो सगळ्यात वर टाका आणि ढवळू नका, कूट आणि गूळ झाकण उघडल्यावर. तिसरं कारण कोणाच्या लक्षातच येत नाही: झाकणातून वाफ निसटतेय, रिंग नीट बसली नाही किंवा व्हॉल्व्ह उघडा राहिला, प्रेशर येतच नाही आणि पाणी आटून जातं.

आलंच तर कॅन्सल करा, वाफ सोडा, उघडून खरवडा, अर्धी वाटी पाणी घालून परत लावा. खरंच करपलं असेल तर वरचं दुसऱ्या भांड्यात काढा, खालचं खरवडून त्यात मिसळू नका.

८. फोडणी धड होत नाही, मोहरी तडतडतच नाही.

भांड्याचं बूड मधे थोडं फुगीर असतं त्यामुळे चमचाभर तेल कडेला पळतं आणि मधली मोहरी कोरडीच राहते. सॉते (म्हणजे परतायच्या) मोडवर आच "मोर" (More) या सेटिंगला ठेवा, स्क्रीनवर "हॉट" येईपर्यंत थांबा, आणि मोहरी कडेच्या तेलात टाका. मसालेभाताला, रश्शाला जिथे तेल सढळ असतं तिथे हे छान चालतं. आमटीला मात्र मी सरळ कढल्यात वेगळी फोडणी करून वरून ओतते, तो चर्र आवाज आणि तो वास पॉटमधल्या फोडणीला नाही. अपार्टमेंटमधे स्मोक अलार्म फार हळवा असेल तर मिरच्या शेवटी टाका आणि पंखा आधी लावा.

९. वाफ लगेच सोडायची की जिरू द्यायची?

जे फेसाळतं, जे पातळ आणि पिठूळ आहे (डाळ, खिचडी, पेज, कडधान्यं) ते निदान १० मिनिटं आपोआप जिरू द्या, नाहीतर वाफेबरोबर पिवळे शिंतोडे छतापर्यंत. मटणही जिरू द्या, लगेच सोडलं की चिवट होतं. मोड आलेली कडधान्यं, भाज्या, अंडी यांना मात्र लगेच, कारण आत राहिली की ती शिजतच राहतात. वरच्या कपाटाखाली वाफ सोडू नका, लाकूड फुगतं. पॉट पुढे ओढा, व्हॉल्व्ह चमच्याच्या दांड्याने फिरवा, तोंड लांब.

१०. कडधान्यांच्या वेळा सांगा ना. आणि माझा राजमा कितीही शिजवला तरी टणक का?

रात्रभर भिजवलेला राजमा २० ते २५ मिनिटं, काबुली चणे १५ ते २०, भिजवलेली चवळी ५ ते ६, सगळ्यांना वाफ जिरू द्यायची. मोड आलेली मटकी १ मिनिट आणि वाफ लगेच सोडा, मोडाचे मूगही तसेच. सोललेल्या डाळिंब्या फार नाजूक, शून्य मिनिटं लावा, म्हणजे प्रेशर आलं की थांबतं, तेवढ्यात होतात. मिसळीला मटकी जरा मऊ हवी असते, तिथे ३.

टणक राहण्याची कारणं: जुनं कडधान्य (मागे राहिलेलं वर्षानुवर्षांचं पाकीट, ते कधीच मऊ होणार नाही, सोडून द्या), जड पाणी, आणि चिंच, आमसूल, टोमॅटो आधीच घालणं. आंबट नेहमी शिजल्यावर. मीठ आधी घातलंत तर काही बिघडत नाही.

आता एक गंभीर गोष्ट. राजमा स्लो कुक मोडवर कच्च्यापासून शिजवू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते जायला खळखळ उकळी लागते, स्लो कुकरच्या कमी आचेवर ते जात नाही आणि मग उलट्या, पोटदुखी. प्रेशरवर शिजवलात तर ही काळजी नाही. भिजवलेलं पाणी फेकून द्या.

११. इडली लावली, मिनिटं सरकतच नाहीत, पॉट अडकला?

अडकला नाही. इडली, ढोकळा, उकडीचे मोदक यांना प्रेशर नको, नुसती वाफ हवी, म्हणून व्हॉल्व्ह उघडा ठेवतो आपण. पण बऱ्याच मॉडेलांचं घड्याळ प्रेशर आल्याशिवाय सुरूच होत नाही. फोनवर टायमर लावा, भसाभस वाफ यायला लागल्यापासून इडली १० ते १२ मिनिटं, मोदक १० ते १२, ढोकळा १५ ते २०. खाली दोन कप पाणी उकळल्यावरच स्टँड आत ठेवा. झाकणाचं पाणी ढोकळ्यावर ठिबकतं, वर ताटली नाहीतर फॉइल. मोदक हळदीच्या पानावर ठेवले तर चिकटत नाहीत, पान नसेल तर केळीचं, तेही नसेल तर बूड तुपात बुडवून.

१२. दही लागतं का खरंच? शिकागोच्या थंडीत माझं कधीच लागत नाही.

लागतं, आणि माझ्या मते पॉट घ्यायचं हेच सगळ्यात चांगलं कारण. योगर्ट बटण दोनदा दाबून "बॉइल", दूध ८३ डिग्री सेल्सिअसपर्यंत जातं, मग बोट सहन होईल इतकं, ४३ च्या आसपास गार करा, चमचाभर विरजण, ८ तास. आपल्यासारखं आंबटसर हवं तर १०. विरजण दुकानातल्या दह्याचं चालतं पण डब्यावर लाइव्ह कल्चर लिहिलेलं हवं, जिलेटिन आणि पेक्टिनवालं नको. दही लावताना प्रेशरचं झाकण लागतच नाही, वर ताट ठेवा. नाहीतर दह्याला मटणाचा वास, त्याबद्दल पुढे.

१३. रिंगला मसाल्याचा वास बसलाय, जातच नाही.

सिलिकॉन वास धरतो, पूर्ण जाणार नाही. व्हिनेगर-पाणी वाफवून थोडा कमी होतो, उन्हात ठेवून अजून थोडा. खरा उपाय दोन रिंगा, एक तिखटाला, एक खीर-केकला, रंग वेगळे घ्या म्हणजे घरातले गोंधळत नाहीत. झाकण बंद करून ठेवू नका, उलटं ठेवा. रिंग सैल किंवा भेगाळलेली वाटली की बदला, वर्ष-दीड वर्षात लागतेच. "कंपनी बुडाली ना?" असं बरेच जण विचारतात: जून २०२३ मधे दिवाळखोरीचा अर्ज केला होता हे खरं, पण पॉट आणि रिंगा दोन्ही विकत मिळतायत.

१४. चिकन, मटण, मासे?

बोकडाचं मटण २५ ते ३० मिनिटं, वाफ जिरू द्या, हाडावरचं चिकन ८, बोनलेस ५ ते ६. चिकनला भरपूर पाणी सुटतं म्हणून पाणी दीड कप घातलं तरी शेवटी रस्सा पातळ वाटतो, झाकण काढून सॉतेवर आटवा आणि वाटण तेव्हा घाला. फ्रोझन चिकन चालतं, तुकडे सुटे असतील तर. दगडासारखा एकच गोळा असेल तर बाहेरचं शिजून सुकतं आणि आतलं कच्चं. मासे नको. मासे कढईत पाच मिनिटांत होतात, त्यांचा चुरा कशाला करायचा.

१५. सकाळी सगळं घालून डिले स्टार्ट लावून ऑफिसला गेलं तर?

डाळ-तांदूळ, कडधान्यं: खुशाल, भिजवायचंही काम होतं. मांस, दूध, अंडी: अजिबात नाही. दोन तासांपेक्षा जास्त वेळ ते बाहेरच्या तापमानाला राहायला नको. आणि उन्हाळ्यात नागपूरच्या गर्मीत डाळसुद्धा दिवसभर भिजत ठेवू नका, आंबेल.

१६. पुरण होतं का?

चणाडाळ दोन तास भिजवून, भरपूर पाण्यात, १० ते १२ मिनिटं, अर्ध्या भांड्याच्या वर नाही (फेस!). निथळून कट बाजूला काढा, आमटीला लागणार. पुढचं, म्हणजे गूळ घालून आटवणं, मी कढईतच करते. सॉतेवर होतं पण भांडं उंच आणि अरुंद, पुरण उडतं आणि हात आतपर्यंत घालून ढवळावं लागतं. बासुंदीचंही हेच: आटवायचं असेल तिथे पसरट भांडंच हवं.

१७. यात काय करूच नये?

तळण. झाकण लावून तेलात प्रेशर तर कधीच नाही, ते धोक्याचं आहे. पोळ्या, भाकरी, थालीपीठ अर्थातच तवा. साबुदाणा खिचडी करणारे लोक आहेत, मी खाल्लीय, नको. पोहे, भेंडी, मेथी, काचऱ्या, जे कढईत दहा मिनिटांत होतं ते कढईतच. डब्यावर सात-आठ उपकरणं एकात असं लिहिलेलं असतं, त्यातली आपल्या स्वयंपाकात रोज लागतात ती तीन: प्रेशर, वाफवणं, दही.

१८. झाकण उघडत नाहीये. / प्रेशरच येत नाहीये.

उघडत नसेल तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह उघडा, वाफ पूर्ण गेली याची खात्री करा, मग ती छोटी पिन वर अडकली असेल तर चमच्याच्या दांड्याने हलकेच खाली दाबा. प्रेशर येत नसेल तर क्रमाने बघा: व्हॉल्व्ह बंद आहे का, रिंग सगळीकडे तारेच्या आत बसलीय का, पिनेत जिरं-कढीपत्ता अडकलाय का, आत पाणी पुरेसं आहे का. फ्रीजमधलं गार सूप भरलं असेल तर नुसता वेळ लागतोय, थांबा.

१९. लाईट बिल किती येतं? साध्या सॉकेटला चालतो का?

१००० वॉट म्हणजे अर्धा तास सलग चालला तरी अर्धा युनिट, आणि प्रेशर आल्यावर तो सलग चालत नाही, मधे मधे बंद होतो, त्यामुळे त्याहून कमीच. २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आत आहे पण अर्थिंगचं तीन पिनांचं सॉकेट हवं आणि एक्स्टेन्शन बोर्डवर मिक्सर, ओव्हनबरोबर लावू नका. कीप वॉर्म आपोआप चालू राहतं, भात झाला की बंद करा, नाहीतर खाली सुकतो.

२०. प्रमाण दुप्पट केलं तर वेळही दुप्पट?

नाही. भात, डाळ, चणे दुप्पट केलेत तरी मिनिटं तीच, प्रेशर यायला मात्र जास्त वेळ लागेल. मांसाचा मोठा तुकडा असेल तर वेळ तुकड्याच्या जाडीवर. भरायची हद्द दोनतृतीयांश, फेसाळणाऱ्यांना अर्धी.

२१. डेन्व्हरला राहतो, वरच्या वेळेत काहीच शिजत नाही!

उंचीमुळे. २००० फुटांच्या वर दर १००० फुटांना वेळ ५ टक्के वाढवायची. डेन्व्हर ५२८० फूट, म्हणजे साधारण १५ टक्के: २० मिनिटांचे चणे २३ मिनिटं. महाबळेश्वरला घर असेल तर १२ टक्के धरा. पुण्याला काही बदलायला नको. भातासारख्या ५ मिनिटांच्या गोष्टींना एक मिनिट वाढवलं की पुरे.